कोणी वापरत नाही

“थांबा! सुई टोचू नका!”

परिचारिकेचा हात जागीच थांबला. बाही वर करून बसलेली बायको नवऱ्याकडे बघतच राहिली. एकवीस वर्षांच्या संसारात या माणसाचा आवाज चढलेला तिने ऐकला नव्हता.

तो रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनच्या पडद्याकडे बघत होता. मशीन सुरू होताना पडद्यावर ओळी धावतात. बाकीचे लोक तेवढ्यात जांभई देतात; हा वाचतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, सांभाळणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम. मशीनमधला कर्नल नवा होता, पण तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कम्पायलर बारा वर्षांपूर्वीचा होता.

त्या म्हाताऱ्या कम्पायलरला एक खोड होती. ‘नळीत हवा आली का बघ,’ असं शंभरदा सांगा, तो एकदाच बघणार आणि बाकीचं परस्पर गाळणार. त्याला वठणीवर ठेवणारी एक ओळ याने कर्नलमध्ये वर्षानुवर्षं जपली होती. ऑफिसात त्या ओळीला ‘वृद्धाश्रम’ म्हणत. ‘इतका जुना कम्पायलर अजून वापरतं कोण?’ असं साहेब दर बैठकीत खोदून विचारत. शेवटी तीन महिन्यांपूर्वी वैतागून, कुठेही चौकशी न करता त्याने लिहून दिलं, ‘कोणी वापरत नाही,’ आणि नव्या कर्नलमधून ती ओळ पुसून टाकली.

“काका, मशीन चांगलं आहे,” परिचारिका म्हणाली. “कालच पाचही मशीनवर नवीन प्रोग्राम टाकलाय.”

त्याने वळून पाहिलं. शेजारच्या चार खुर्च्यांवर चार माणसं पडून होती आणि चारही पंप फिरत होते.

“सगळी बंद करा. नळीत हवा आली तरी या मशीनना कळणार नाही.”

“असं कसं बंद करू? तुम्हाला कोणी सांगितलं?”

नोकरी जाणार, हे त्याला कळत होतं.

“सांगायला कोण हवं? चूक मीच केलीय.”

परिचारिकेने धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. एकेकाचं रक्त सावकाश अंगात परत जाऊ लागलं. तो या नळीपासून त्या नळीपर्यंत फिरत होता, पुन्हा पुन्हा तेच बघत होता. बुडबुडा नाही. बुडबुडा नाही. चौथा पंप थांबला तेव्हा कुठे तो भिंतीला टेकला.

“अहो, म्हणजे आपलं आज राहिलं ना?” बायकोने बाही खाली ओढली.

“राहिलं.”

तो खाली बसला आणि तिच्या पायात चपला चढवू लागला. पाय इतके सुजले होते की पट्टा लागेना.