लटारूने दिलेल्या चार चौकटी

नवाब सुताराला त्या हिवाळ्यात चाळीस पेट्या मिळणार होत्या. म्हणजे मधमाश्यांच्या चाळीस नव्या पेट्या बनवायचं काम. चामोर्शीत घरांच्या चौकटी सिमेंटच्या आणि दारं पत्र्याची झाल्यापासून त्याच्या रंध्याला गंज चढत होता. चाळीस पेट्या म्हणजे पावसाळ्यापर्यंत हाताला काम. अट एकच. बचत गटाच्या केसरबाई संक्रांतीनंतर येणार, लटारूच्या बांधावर ठेवलेल्या नवाबच्या बारा पेट्या उघडून पाहणार. "एक बी मेली त मी बायांले काय सांगू?" असं त्या म्हणाल्या होत्या, आणि केसरबाई स्वतःचं बोलणं विसरत नसत.

नोव्हेंबर सरता सरता नवाबने बरणीत वाटीभर माश्या घेतल्या, पिठीसाखर टाकून हलवल्या आणि जाळीच्या झाकणातून साखर पाण्याच्या ताटलीत झटकली. साखर विरघळली. तांबडे ठिपके उरले. सतरा. हा व्हरोआ, माशीच्या अंगाला चिकटून तिला शोषणारा किडा. वाटीभर माश्यांवर सतरा म्हणजे थंडी संपेस्तोवर पेटी रिकामी.

औषध होतं, पण किडा मेणाने बंद झालेल्या घरांत पिल्लांसोबत लपतो आणि तिथे औषध पोचत नाही. म्हणून राणीला चोवीस दिवस कोंडायचं. अंडी थांबतात, जुनी पिल्लं माश्या होऊन बाहेर येतात, किडा उघड्यावर पडतो. मग साखरेच्या पाकातून औषध ओतायचं. नवाबने बांबूच्या काड्यांचे बारा पिंजरे केले.

शेतमालक लटारू बांधावर उकिडवा बसून बघत होता.

"राणीले काऊन कोंडून राह्यला, भाऊ?"

"थंडीचा आराम देऊन राह्यलो."

"माह्या बायकोले सांगू नको. थे बी मांगंल पिंजरा."

नवाब हसला आणि किड्याचं नाव गिळून टाकलं. लटारूच्या कानात सकाळी पडलेली गोष्ट संध्याकाळी केसरबाईंच्या अंगणात असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लटारूच्याही दोन पेट्या होत्या, वीस पावलांवर. त्यांच्यातही किडा असणारच, हेही नवाबला ठाऊक होतं. तेही गिळलं.

राण्या कोंडल्याच्या सोळाव्या दिवशी तो कोरपन्याला एका घराची दारं बसवायला गेला. आठ दिवसांनी, बरोबर चोविसाव्या दिवशी, औषधाची बाटली घेऊन बांधावर आला. पहिल्या सहा पेट्या हव्या तशा निघाल्या, घरं मोकळी. सातवीचं झाकण काढलं आणि त्याचा हात थांबला. मधोमध पोळ्याची एक चौकट, काठोकाठ बंद घरांनी भरलेली. ही त्याची नव्हती. आठवीत दुसरी. नववीत, दहावीतही.

बाभळीच्या काट्याने त्याने एक घर फोडलं. पांढरं पिल्लू निघालं. त्याच्या पोटाला तीन तांबडे किडे.

"पाह्यलं का?" लटारू बांधावरून येत होता, लग्नातल्या वरबापासारखा. "तू गेल्यावर झाकण उघडलं. एक अंडं नाई, एक पिल्लू नाई! मनलं, भाऊचं काम गेलं. माह्या दोन पेट्यांतल्या भरल्या भरल्या चार चौकटी काढल्या अन् देल्या. रोवण्यात तुह्या बांधीत परे कमी पडले असते, त मी देले नसते का?"

ही या भागातली रीत. रोवणीच्या दिवसांत शेजाऱ्याची बांधी, म्हणजे धानाचं वावर, रिकामी दिसली की धानाचे परे, लावणीची कोवळी रोपं, द्यायला कोणी मागायची वाट पाहत नाही. फक्त परे म्हणजे पिल्लं नव्हेत.

आता सांगायला हवं होतं. नवाबने तोंड उघडलंही.

"लय केलं तू, लटारूभाऊ," तो म्हणाला. "चहा सांग ना घरी."

लटारूची पाठ वळताच त्याने चारही चौकटी ओढल्या, धानाच्या वाळल्या तणसाखाली घातल्या आणि काडी लावली. मेण चरचरलं. मग घाईघाईने बाराही पेट्यांत औषध ओतलं. राण्यांचे पिंजरे उघडताना एकदा पिंजराच हातातून सुटला. शेवटची पेटी झाकली तेव्हा लटारू किटली घेऊन उभा होता.

"कायचा वास?"

"जुनं मेण. किडलं होतं."

"अन् माह्या चौकटी?"

"आत," नवाब म्हणाला आणि कपबशी घेतली.

बाटलीत दोन पेट्यांपुरतं औषध उरलं होतं. ते द्यायचं तर कशासाठी, हे सांगावं लागलं असतं. बाटली त्याने पिशवीत टाकली.

संक्रांतीनंतर केसरबाईंनी बारा झाकणं उचलली. बाराही पेट्या भरलेल्या. "मंग बनव पेट्या," त्या म्हणाल्या, आणि बांधापलीकडे बोट केलं. "अन् थ्या दोन?"

लटारूने स्वतःच झाकण काढलं. एकीत राणीभोवती मूठभर माश्या. दुसरीत नुसतं मेण.

"थंडीनं गेल्या," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. "पण बाई, नवाबभाऊच्या पेट्यांत माहे परे लागले! पुसा त्याले."

केसरबाईंनी नवाबकडे पाहिलं.

"हो," नवाब म्हणाला.

तर चाळीस पेट्यांचं काम नवाबला मिळालं. त्याच्या बारा पेट्या जगल्या, गावात लटारूची वाहवा झाली. किंमत पडली दोन पेट्यांची. ती लटारूने मोजली, आणि कशाची मोजली हे त्याला अजून ठाऊक नाही.