चार चिमण्यांची बोट

“कोणाला खरं वाटणार नाही,” अशी तात्यांची सुरुवात असायची, आणि पंचाईत हीच होती की सगळ्यांना खरं वाटायचं.

“कोणाला खरं वाटणार नाही, पण आमची बोट एवढी लांब, की पुढच्या टोकाला उजाडायचं तेव्हा मागच्या टोकाला खलाशी घोरत असायचे. कप्तानाला जेवायला बोलवायला माणूस सायकलवर जायचा. कप्तान येईपर्यंत आमटी गार. आणि चिमण्या किती? चार! आपल्या गिरणीला एक चिमणी, तर आपण केवढे मिरवायचो. हिला चार!”

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीतली दुसऱ्या मजल्याची गॅलरी हे पन्नास वेळा ऐकून बसली होती. तरी एक्कावन्नाव्या वेळी कोणीतरी विचारायचंच, “मग आमटी परत गरम करायचे काय हो तात्या?” तात्या म्हणायचे, “चिमणीवर ठेवायचे.” झालं. लोक मान डोलवायचे आणि आपापल्या घरी जायचे. बुधाजी परब हे नाव फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं. एरवी सगळ्यांचे ते ‘बोटीवाले तात्या’.

खरी गोष्ट अशी, की तात्या बोटीवर होते. पाच वर्षं होते. पण ती बोट भाऊच्या धक्क्यावरून निघायची आणि रेवसला जाऊन परत यायची. साधी लाँच. तिच्यावर तात्या तिकिटं फाडायचे. चिमणी एकच, तीही बंबाच्या नळीएवढी.

सत्त्याहत्तर साली लग्नाचं निघालं. मध्यस्थ भिवा रेवसकडच्या एका घरी जाऊन म्हणाला, “मुलगा बोटीवर आहे.” यात भिवाचंही काही चुकलं नाही, कारण लाँचला सगळे बोटच म्हणतात. पण कोकणात ‘मुलगा बोटीवर आहे’ या शब्दांचा अर्थ वेगळा. बोटीवरचा म्हणजे दोन वर्षांनी घरी येणारा, येताना ट्रान्झिस्टर, सेंटच्या बाटल्या आणि पोरांना चॉकलेटं आणणारा. मुलीच्या वडिलांनी तोच अर्थ घेतला. तात्यांना हे कळलं थेट लग्नाच्या मांडवात, सासरेबुवा त्यांचा हात धरून पंगतीला सांगत फिरले तेव्हा. “हे आमचे जावई. विलायतेच्या बोटीवर असतात.”

तेव्हाच तात्यांनी तोंड उघडायला हवं होतं. त्यांनी ते उघडलं, पण त्यात कोणीतरी जिलबी घातली.

त्यानंतर महिन्याच्या आत त्यांनी लाँच सोडली आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. त्यांना वाटलं, बोटीचा विषय संपला. पण लोक विचारायचे आणि यांना सांगावं लागायचं. सांगता सांगता बोटीला एक चिमणी वाढली, मग दुसरी, आणि चौथीवर येऊन तात्या थांबले, कारण त्याहून जास्त गॅलरीत मावल्या नसत्या.

एकच गोष्ट त्यांना खायची. बायकोचं, शेवंतीचं माहेर लाँचने दीड तासावर. पण धक्क्यावर पाऊल टाकलं असतं, तर कोणीतरी जुना ओळखीचा ओरडलाच असता, “काय बुध्या, तिकिटं फाडायला आलास?” म्हणून तात्यांनी पहिल्याच वर्षी जाहीर करून टाकलं, “मला लाँच लागते. मोठ्या बोटीची सवय झालेल्याला छोटी बोट लागतेच.” तेव्हापासून माहेरची वाट एस्टीने. पनवेल, पेण, वडखळ असे हादरे खात. शेवंती लिंबू नाकाशी धरून खिडकीत बसायची आणि तात्यांकडे पाहायची नाही. हिचा बाप बोटीवरचा समजून गेला, बायको बोटीवरचा समजून संसार करतेय. आता खरं सांगितलं तर ही आपल्याकडे कशी बघेल? या एका विचाराने तात्यांनी सत्तेचाळीस वर्षं काढली.

मग पंचाहत्तराव्या वाढदिवसाला नात आरोही एक भलंमोठं खोकं घेऊन आली. खोक्यावर चित्र, निळ्या समुद्रात काळी-पांढरी बोट. नाव ‘क्वीन ऑगस्टा’. चिमण्या बरोबर चार.

“तात्या, हीच ना तुमची बोट? मी कित्ती शोधली माहितेय! चार चिमण्यांच्या फार नव्हत्याच.”

चाळीतली सात-आठ माणसं दारात उभी. तात्या काय म्हणणार? म्हणाले, “हीच.”

खोक्यात बोट नव्हती. बोटीचे साडेचारशे तुकडे होते, प्लॅस्टिकच्या चौकटींना कैऱ्या लटकाव्यात तसे लटकलेले. तात्यांना आधी वाटलं हे पोरखेळ आहे. आठवड्याभरात त्यांना जेवायची शुद्ध राहिली नाही. नेलकटरने तुकडा सोडवायचा, पॉलिश पेपरने त्याची कड घासायची, चिमट्यात धरायचा, थेंबभर गोंद लावायचा आणि श्वास रोखून बसवायचा. गिरणीत तुटलेला धागा सांधणारी बोटं होती ती, सगळं विसरली होती, ते विसरली नव्हती. बोटीवरच्या चिमुकल्या होड्यांवर रंग चढला. डेकवर पेन्सिलीने एकेक फळी उमटली. डोलकाठीच्या ताराही झाल्या. उरलेल्या प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरून हळूच ताणली की केसाएवढी तार निघते, हे तात्यांचं तात्यांनीच शोधलं.

फक्त खोक्यातल्या माहितीच्या कागदाने त्यांचा घात केला. चष्मा लावून त्यांनी वाचलं आणि घाम फुटला. क्वीन ऑगस्टा १९११ साली पाण्यात उतरली आणि १९३५ साली भंगारात निघाली. तात्यांचा जन्म एकोणपन्नासचा. कागदाची घडी करून त्यांनी ती तांदळाच्या डब्याखाली सरकवली.

बोट पुरी व्हायला वर्ष लागलं. ती होत आली तशी आरोहीने पुढची बातमी आणली. “शिवाजी पार्कला अशी मॉडेल्स बनवणाऱ्यांचा ग्रुप आहे. प्रधानकाका चालवतात. चीफ इंजिनीअर होते जहाजावर, खरेखुरे. पुढच्या महिन्यात त्यांचं प्रदर्शन आहे. मी त्यांना म्हटलं, माझ्या आजोबांनी या बोटीवर काम केलंय. ते रविवारी सकाळी येतायत बघायला!”

“खरेखुरे,” तात्या पुटपुटले. “अरे देवा.”

शनिवारी दुपारी त्यांनी ठरवलं, परक्या माणसाच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं. शेवंती खोबरं खवत होती.

“अगं, ऐक ना. ती बोट आहे ना…”

“ती बोट आधी तिथनं उचला. मला सोलकढी गाळायचीय.”

तात्यांनी बोट उचलली आणि खिडकीशी जाऊन बसले. मन थाऱ्यावर नव्हतं, पण हातांना काम हवं होतं. सायकलच्या व्हॉल्व्हची काळी, बारीक रबरी नळी त्यांच्याकडे पडून होती. ब्लेडने तिच्या चकत्या केल्या, चकत्यांमधून काळा धागा ओवला आणि या अंगाला सहा, त्या अंगाला सहा अशा कठड्याला बांधून टाकल्या. मग बोट हातभर लांब धरून पाहिली. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना ती बोटीसारखी दिसली.

रविवारी दहाच्या ठोक्याला हितेंद्र प्रधान आले. उंच, शिडशिडीत, खाकी हाफ पँट. दारात बूट काढले, सगळ्यांना नमस्कार केला आणि खिशातून भिंग काढून बोटीसमोर उकिडवे बसले. पाच मिनिटं भिंग एकेका तारेवरून फिरलं.

“अप्रतिम,” ते म्हणाले. “डेकच्या फळ्या हाताने काढल्यात? आणि ह्या तारा! परबसाहेब, आमच्या ग्रुपमध्ये वीस वर्षं करणाऱ्यांना हे जमत नाही.”

तात्यांची छाती जराशी वर आली. भिंग बोटीच्या कुशीवरून सरकत गेलं आणि मध्येच थांबलं.

“हे काय आहे?”

“कुठे?”

“हे काळं. बाजूला लटकवलेलं.”

“टायर,” तात्या म्हणाले. आणि स्वतःच्याच तोंडून तो शब्द ऐकून गार पडले.

आरोही पुढे वाकली. “तात्या, एवढ्या मोठ्या बोटीला टायर?”

पाच वर्षं तात्यांनी जी बोट पाहिली होती, तिच्या दोन्ही अंगांना ट्रकचे जुने टायर लटकलेले होते, धक्क्याला लागताना आदळू नये म्हणून. टायर नसलेली बोट त्यांना अनवाणी वाटायची. हातांनी कालच्या दुपारी तिला चपला घातल्या होत्या, मालकाला न विचारता.

आता माघार नव्हती. तात्या खाकरले.

“कोणाला खरं वाटणार नाही. पण विलायतेला धक्क्याला लागताना ही अशी आदळायची, की वरच्या वर्गात एक मडम होती, तिच्या कपातला चहा रोज सांडायचा. एक दिवस तो चहा सांडला तो थेट तिच्या कुत्र्यावर. गहजब! कप्तान डोकं धरून बसला. मी म्हटलं, साहेब, लालबागला माझ्या वळखीचा एक टायरवाला आहे. कप्तानाने तार केली. बारा टायर आले. तेव्हापासून मडमेचा चहा सांडला नाही, आणि कुत्रं माझ्या पायाशी झोपायला लागलं.”

“कुठल्या साली हे?” प्रधानांनी हळूच विचारलं.

“त्र्याहत्तर.”

“पण ही बोट तर…” प्रधान म्हणाले आणि थांबले. दारात शेवंती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. सभ्य माणूस. तिच्याकडे पाहून त्यांनी उरलेलं वाक्य गिळलं.

शेवंतीने ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले.

“खोटं आहे हो सगळं,” ती म्हणाली. “टायर रेवसच्या लाँचला असतात. आणि हे तिथे तिकिटं फाडायचे.”

आरोहीचं तोंड उघडंच राहिलं. तात्या कसेबसे म्हणाले, “तुला… कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? माझंच तिकीट फाडलंत की दोनदा. मावशीकडे येत होते परळला. एकदा तर अर्धं तिकीट हातात ठेवलंत. अठरा वर्षांची घोडी मी, आणि म्हणता कसे, ‘ए पोरी, आत बस, वारा लागेल.’ मग तुम्ही मला बघायला आलात, तेव्हा मी पोह्यांच्या बशीआडून बघितलं तर हेच!”

“आणि तुझे बाबा?”

“त्यांना नाही कळलं शेवटपर्यंत. पण गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. त्यांचा मान राहावा म्हणून कोणी बोललं नाही. मांडवात सगळे हसू दाबून जेवले.”

“मग तू लग्नाला हो कसं म्हणालीस?”

शेवंतीने कमरेवर हात ठेवले. अठ्ठेचाळीस वर्षं साठवलेलं आता बाहेर येणार, हे प्रधानांनासुद्धा कळलं. त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

“म्हटलं, लाँचवरचा नवरा मिळतोय, मनात आलं की बसायचं, दीड तासात आईच्या दारात. आणि तुम्ही काय केलंत? हळद उतरायच्या आत नोकरी सोडलीत! वर म्हणे लाँच लागते! अहो, मला एस्टी लागते, एस्टी! वडखळला किती वेळा खिडकीतून डोकं बाहेर काढलंय मी, मोजलंत कधी?”

“मग बोलायचं नाहीस का गो?” तात्यांच्या तोंडून गावचा शब्द निसटला.

“कधी बोलणार? तुम्ही सुरू झालात की आख्खी गॅलरी ऐकत बसायची.” तिने कपबशी तात्यांच्या हातात दिली. “मीपण बसायचे. पण आज टायरवाला आणलात, ते अतीच झालं.”

लाँच रेवसला लागली, टोपल्या, पोरं, कोंबड्या घेऊन शेवटचा माणूस उतरला, की ती पाण्यात वीतभर वर यायची. तात्यांनी ते पाच वर्षं रोज पाहिलं होतं. आज बशीतला चहा फुर्रकन ओढताना त्यांना पहिल्यांदा कळलं, की तिला वर येताना कसं वाटत असेल.

आरोही आधी हसली. मग प्रधान असे हसले, की त्यांना डोळे पुसावे लागले.

“परबसाहेब, आता माझंही ऐका,” ते म्हणाले. “चौतीस वर्षं जहाजावर काढली मी. आणि दर वेळी पहिला आठवडा मला बोट लागायची. घरी कोणाला माहीत नाही.”

“सायबांनू, खरं?”

“अगदी खरं. बादली घेऊन इंजिनरूममध्ये.”

“मग कार्डावर काय लिहायचं, काका?” आरोहीने फोन काढला. “‘या बोटीवर काम केलेल्या’ असं तर आता…”

“‘क्वीन ऑगस्टा, भाऊचा धक्का ते रेवस,’” प्रधान म्हणाले. “आणि टायर काढायचे नाहीत. एकही.”

तांदळाच्या डब्याखालचा कागद तात्यांनी आपण होऊन काढून आणला. शेवंती म्हणाली, “हा मी कधीच वाचलाय. डबा रोज कोण उचलतं?” त्यावर तात्यांनी कपाळाला हात लावला आणि पुढच्या रविवारी लाँचने रेवसला जायचं तिथल्या तिथे ठरलं. धक्क्यावर कोणी ‘बुध्या’ म्हणालं, तर म्हणू दे.

दुसरा चहा आला. तात्या भिंतीला पाठ टेकून पाय पसरून बसले. कितीतरी वर्षांनी त्यांची जीभ आपल्या मुलखात मोकळी झाली होती.

“रेवसच्या लाँचचं म्हणाल ना प्रधानसाहेब, तर कोणाला खरं वाटणार नाही. एक दिवस भर समुद्रात एक सुरमई उडी मारून लाँचवर चढली. अशी माझ्यासमोर उभी राहिली शेपटीवर. मी तिचं तिकीट फाडलं…”

“खोटं!” शेवंती म्हणाली. “मासळीला तिकीट नव्हतं कधी. टोपलीला होतं.”