डावा चॅनल

“वॅट म्हंजे वजन न्हवं काय रं, पिराजी?” चष्मा कपाळावर ढकलत भाऊसोनं विचारलं. त्याच्या हातात नव्या स्टिरिओबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपत्रक होतं.

पिराजीच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला वॅट आणि वजन यांतला फरक कळत नाही, त्याच्या हॉलमध्ये हा सेट यावा! मधोमध चकचकीत अॅम्प्लिफायर, त्याच्यावर कॅसेट डेक, दोन्ही अंगांना कमरेएवढे लाकडी स्पीकर. स्पीकरांना हळदकुंकू वाहिलेलं होतं. नारळ तेवढा फोडायचा राहिला होता.

“वजन न्हवं, जोर,” पिराजी म्हणाला. “इंजिनला हॉर्सपॉवर असतोय की न्हाय? तसा ह्याला वॅट. ह्या अंगाला वीस, त्या अंगाला वीस.”

“म्हंजे चाळीस! ऐकलंस काय गं?” भाऊसो स्वयंपाकघराकडं तोंड करून बायकोला ओरडून म्हणाला. “चाळीसचं हाय आपलं! आन् हे ओहम काय?”

“स्पीकर करंट किती अडवतोय ते. पंपाला पाईप जोडताना माप बघतोस न्हवं? तसं ह्याला आठ ओहमचाच जोडायचा. कमीचा जोडलास तर जळंल.”

‘जळंल’ हा शब्द त्यानं जरा जास्तच चवीनं उच्चारला. जळत कोण होतं हे शेजारी बसलेल्या पारूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, चांगलं ठाऊक होतं.

एकेकाळी पिराजी आणि भाऊसो उद्यमनगरातल्या एका ऑइल इंजिनच्या कारखान्यात एकाच शेडमध्ये उभे राहून इंजिनं तपासत. पुढं भाऊसोनं नोकरी सोडली, वॉशर पाडायचं मशीन टाकलं आणि बघता बघता उचगावात स्लॅबचं घर उठवलं. पिराजी तिथंच राहिला. त्याचं नाव झालं ते कानामुळं. नवं इंजिन सुरू केलं की तो शेजारी उभा राहायचा, कान देऊन ऐकायचा आणि सांगायचा, “पिस्टन बदला.” उघडून बघावं तर खरंच पिस्टनच! मालकसुद्धा पाहुण्यांना शेडमध्ये आणून म्हणायचे, “हा आमचा कान.” अलीकडं ऐकताना त्याची मान जरा तिरकी व्हायची, तिची पोरं नक्कल करत. पिराजीला त्यात स्वतःचा रुबाब दिसायचा.

त्या कानाची त्याला एकच हौस होती, स्टिरिओ ऐकायची. लक्ष्मीपुरीतला रेडिओवाला अल्लाउद्दीन त्याचा दोस्त. तो जुने कॅटलॉग याला द्यायचा आणि पिराजी ते पोथीसारखे वाचायचा. वूफर भरड आवाज काढतो, ट्विटर बारीक. वीस हर्ट्झ म्हणजे पोटात घुमणारी धडधड, वीस हजार म्हणजे माणसाच्या कानाची हद्द. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. घरी मात्र जुना व्हॉल्व्हचा रेडिओ, तोही थाप मारल्याशिवाय बोलत नसे. अल्लाउद्दीन दुकानात सेट लावून दाखवायला तयार असायचा, पण घ्यायची ऐपत नसताना ऐकायला बसणं पिराजीला भिकाऱ्यासारखं वाटे. ऐकीन तर स्वतःचाच ऐकीन, असं तो घोकत राहिला. आणि कॅटलॉगात त्यानं ज्या सेटवर पेन्सिलीनं खूण केली होती, नेमका तोच सेट भाऊसोनं त्यालाच विचारून उचलला होता.

“लाव आता,” पिराजी म्हणाला. “किती वाचतोस?”

भाऊसोनं लावणीची कॅसेट घातली. ढोलकी कडाडली, घुंगरू वाजले. भाऊसोची बायको मीनाबाई पदराला हात पुसत दारात आली.

“अगं बाई! ढोलकी ह्या कोपऱ्यात न् बाई त्या कोपऱ्यात नाचाय लागल्यागत वाटतंय!”

पिराजीनं मान तिरकी केली. त्याला तसं काही वाटेना. सगळं एकाच जागेवरून आल्यासारखं येत होतं, घरच्या रेडिओसारखंच. मोठं आणि स्वच्छ, इतकंच. एवढ्या वर्षांची हौस ती हीच? मग त्याच्या मनात एक विचार आला आणि त्याला एकदम बरं वाटलं.

“हेडफोन आलाय न्हवं संगं? दे हिकडं. ह्याच्यात गडबड हाय.”

त्यानं हेडफोन डोक्याला चढवला. डावीकडची वाटी डाव्या कानाला, उजवी उजव्याला. उजवीकडं ढोलकी कडाडत होती. डावीकडं काही नव्हतं. घुंगरू तर लांबूनसुद्धा ऐकू येत नव्हते. बॅलन्सचं बटण त्यानं पूर्ण डावीकडं फिरवलं, तशी ढोलकीही गप्प झाली.

“डावा चॅनल मेलाय,” पिराजी म्हणाला.

हे म्हणताना त्याला जो आनंद झाला तो सांगायची सोय नाही. भाऊसोचा चेहरा असा उतरला की पिराजीचं सकाळपासूनचं दुखणं निम्मं थांबलं.

“मेलाय म्हंजे?” भाऊसोनं हेडफोन ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला, बटण मधोमध आणलं. “मला तर दोन्हीकडनं यायलंय की रं!”

“तुला काय कळतंय? एका कानातला आवाज डोक्यात फिरतोय. कानाला सवय लागती त्याला.”

आणि भाऊसोनं ते मानलं! स्वतःला दोन्ही कानांनी धडधडीत ऐकू येत असताना मानलं. पिराजीचा कान सांगतो म्हटल्यावर भाऊसोचे दोन कान कोण विचारतो?

“त्या अल्लाउद्दीननं गळ्यात मारलं व्हय रं मला? उद्या टेंपोत घालतो न् त्याच्या दारात नेऊन आपटतो. साऱ्या लक्ष्मीपुरीला ऐकू जाईल असं बोलतो!”

“अवो, भला माणूस हाय त्यो,” पारूबाई पिराजीकडं बघत म्हणाली.

अल्लाउद्दीनचं नाव आल्यावर पिराजी जरा चपापला. पण निदान बरोबर असल्यावर भ्यायचं कशाला? इंजिनं तपासणाऱ्यानं पुराव्यानिशी बोलावं.

“थांब, पक्कं करू,” तो म्हणाला. “हेडफोन उलटा घालायचा. डावी वाटी उजव्या कानाला. डावा चॅनल मेला असंल तर आता उजवा कान गप बसंल न् ढोलकी डावीकडं यील. साधी गोष्ट हाय.”

त्यानं हेडफोन उलटा चढवला.

उजव्या कानात घुंगरू वाजले. इतके स्पष्ट, इतके बारीक, की एकेक दाणा वेगळा ऐकू यावा. आणि डावीकडं, जिथं आता ढोलकी यायला हवी होती, तिथं काही नव्हतं.

त्यानं पुन्हा सुलटा घातला. उजवीकडं ढोलकी. डावीकडं काही नाही. पुन्हा उलटा. घुंगरू. काही नाही. यंत्राचा दोष असता तर हेडफोनबरोबर दुसऱ्या बाजूला गेला असता. हा दोष हलत नव्हता. कुठलंही इंजिन असतं तर पिराजीनं हे एका क्षणात सांगितलं असतं.

गेल्या की त्याच्या आदल्या पावसाळ्यात डावा कान फुटला होता. चार-आठ दिवस वाहिला, पारूबाईनं लसणीचं तेल घातलं, ठणका थांबला. बरा झाला, असं तो तेव्हा म्हणाला होता. त्यानंतर लोक हळू बोलायला लागले होते, सायकली घंटी न वाजवता अंगावर यायला लागल्या होत्या, आणि मान तिरकी व्हायला लागली होती. उजवी बाजू पुढं.

त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. समोर भाऊसो त्याच्याकडं टक लावून बघत होता, आणि त्याच्या खांद्यापलीकडंही. पिराजीनं वळून पाहिलं. डाव्या अंगाला मीनाबाई चहाचा कप घेऊन उभी होती. तिच्या तोंडावरून दिसत होतं, ती बराच वेळ काहीतरी विचारत असावी.

“साखर चालतीया त्यास्नी, वैनी,” पारूबाई म्हणाली.

“मग? काय निघालं?” भाऊसोनं अधीर होऊन विचारलं.

एक शब्द पुरला असता. ‘मेलाय’ एवढं म्हटलं असतं तर सेट या घरातून गेला असता, हळदकुंकवासकट. त्याचं नाव राहिलं असतं. कोणाला कळणार होतं? भाऊसो स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवत नव्हता. पिराजीच्या जिभेवर तो शब्द आलाही होता. मग त्याला लक्ष्मीपुरीतल्या दुकानाच्या पायरीवर मान खाली घालून उभा राहिलेला अल्लाउद्दीन दिसला.

“हेडफोन नीट बसला न्हवता माझा,” पिराजी म्हणाला. “सेट चांगला हाय.”

“दोन्हीकडनं यायलंय?”

“यायलंय.”

“तरी म्हटलं मी!” भाऊसो आनंदानं ओरडला. त्यानं हेडफोन घातला, डोळे मिटले आणि मान डोलवू लागला. मधेच हात डावीकडं जाई, मधेच उजवीकडं. ढोलकी इथं, घुंगरू तिथं, असं तो हवेत दाखवत होता. पिराजी त्याच्याकडं बघत राहिला. अॅम्प्लिफायर, डेक, वीस नि वीस वॅट, कशाचाच त्याला आता हेवा वाटत नव्हता. त्याला भाऊसोच्या डाव्या कानाचा हेवा वाटत होता. केसाळ, जाडजूड, ओहम कशाशी खातात हे ठाऊक नसलेला तो कान.

चहा पिऊन दोघं नवरा-बायको निघाली. रस्त्याला रविवारच्या बाजाराची गर्दी होती. पारूबाई नेहमीप्रमाणं त्याच्या उजव्या अंगानं, गाड्यांच्या बाजूनं चालत होती. एक ट्रक अगदी लागून गेला तशी तिनं पदर सावरला, पण बाजू बदलली नाही. पिराजीला घरातलं जेवण आठवलं. चूल त्याच्या पाटाच्या डावीकडं. तरी ती वाढून झालं की दुखरे गुडघे धरत उठायची, वळसा घालून उजवीकडं येऊन बसायची. या येरझाऱ्यांवरून तो तिला किती वेळा हसला होता.

“तुला ठावं हुतं,” तो म्हणाला.

ती समोर बघत चालत राहिली.

“कवापासनं?”

“तेल घातलं तवापासनं.”

“मग बोलली का न्हाईस?” पिराजीचा आवाज चढला. “एवढ्या दिसांत एकदा तरी बोलायचंस!”

“बोलले की,” पारूबाई म्हणाली. “चुलीम्होरं बसून बोलले हुते. दोनदा.”

पिराजी चालता चालता थांबला. मग त्यानं तिच्या दंडाला धरून तिला रस्त्याच्या कडेला, आपल्या डाव्या अंगाला घेतलं आणि स्वतः गाड्यांच्या बाजूला झाला. चार पावलं ती तशी चालली. मग त्याच्या मागून वळसा घालून पुन्हा उजवीकडं आली.