जिवंत माणसावरची कविता

दत्ताराममास्तरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय भाईंदर पश्चिमेच्या त्या काव्यमंडळात कुणाची कविता वाचली जात नसे. कागद आधी त्यांच्याकडे द्यायचा आणि लाल शाईने दुरुस्त होऊन आला की तसाच वाचायचा, असा तिथला रिवाज. मास्तर माणूस लोण्यासारखा. पण वीररसाची कविता आली की त्यांचं एकच मागणं असे. शेवटी जवान हसत हसत धारातीर्थी पडला पाहिजे. त्याशिवाय कविता उंच जात नाही, असं ते म्हणत.

कारगिलनंतरच्या दुसऱ्या प्रजासत्ताकदिनी मंडळाने परागचा सत्कार ठरवला. पराग हा मंडळातल्याच हंसाबाईंचा मुलगा. कारगिलला लढताना सुरुंग फुटून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. पुण्याहून कृत्रिम पाय बसवून आला, तेव्हापासून तो खोलीबाहेर पडेना. तिकडचं काही बोलेना. मित्र आले तर झोपेचं सोंग घेई. हंसाबाईंनी विनवण्या केल्या, शेवटी जेवण सोडते म्हणून धमकावलं, तेव्हा कुठे तो हो म्हणाला. आज पोरगं माणसांत रमलं तर रमलं, नाहीतर कायमचं दार लावून घेईल, ही धास्ती पोटात घेऊनच त्या सोसायटीच्या पटांगणात आल्या.

पहिली कविता डेअरीवाल्या सदूभाऊंची. त्यांनी डोळे मिटून, मुठी आवळून जवानाला तिरंग्यात गुंडाळला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या कवीचा जवानही भारतमातेच्या मांडीवर डोकं ठेवून हसत गेला. तिसऱ्याचाही. हार घातलेला पराग व्यासपीठावर खाली मान घालून बसला होता. पुढच्या रांगेतल्या गुजराती शेजारणीने न राहवून विचारलं, "ये भाई तो सामने बैठा है ना?"

त्याच्या शेजारी बसलेल्या हंसाबाईंनी घाईघाईने हातातला कागद उलगडला. मास्तरांनी तो त्यांना नुकताच परत दिला होता. हंसाबाईंनी मुलाच्या घरी येण्यावर लिहिलं होतं. शेवटच्या चार ओळींवर लाल काट मारून मास्तरांनी तिथेही त्याला धारातीर्थी पाडला होता.

पाचवी कविता संपली तसा पराग आईकडे झुकला. "आई, पाच वेळा मेलो मी आज. आता तुझ्या हातून तरी नको मारूस."

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं. आजवर मास्तरांचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. माईकसमोर जाऊन त्या म्हणाल्या,

"मास्तर, राग मानू नका. पोर माझं आहे, शेवटही माझाच वाचते."

आणि त्यांनी वाचलं:

*थांब उंबऱ्याशी बाळा, भाकरतुकडा ओवाळते,*
*एका पायाने आलास, मी दोन्ही पाय धुते.*
*तू भ्यालास का रे तिथं? मीही इथं भीत होते,*
*दोघं भिऊनही जगलो, हेच देवाला सांगते.*

कुणी टाळी वाजवली नाही. मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खुर्चीच्या पाठीला धरून पराग उभा राहिला होता.

"वन्स मोअर," तो म्हणाला.

मग मात्र सगळं पटांगण ओरडायला लागलं. हंसाबाईंना ती कविता तीनदा वाचावी लागली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. परागजवळ जाऊन त्यांनी हळूच विचारलं, तिथं खरं कसं असतं रे?

परागने माईक हातात घेतला.

"भीती वाटते, मास्तर. माझ्या पलटणीतल्या महिपतचे तर हातपाय कापत होते. तसाच तो माझ्यापुढे गेला. मी पडलो तेव्हा मला उचलायला मागे फिरला आणि त्याला गोळी लागली. हसला वगैरे नाही तो. पाणी मागितलं त्यानं. त्याच्यावर लिहा. पण तो होता तसाच लिहा."

मास्तर व्यासपीठाच्या कडेलाच टेकले. "सांग," ते म्हणाले. "सगळं सांग."

पराग सांगत राहिला. महिपत पत्त्यांत कसा लबाडी करायचा ते सांगताना तो स्वतःच हसला आणि त्याच्याबरोबर सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज असा खणखणीत लागला होता. हंसाबाई खाली जाऊन शेजारणीच्या बाजूला बसल्या आणि चारचौघांसारख्या मान वर करून आपल्या मुलाचं बोलणं ऐकू लागल्या. आभाराचं भाषण त्या दिवशी राहूनच गेलं.