गळ्यावर दुसऱ्याचं नाव

मी एक जुनी पितळेची घागर आहे, मित्रांनो. इथे तमिळ मुलखात, कुंभकोणमला, मला कुडम म्हणतात. सध्या एका परसात, विहिरीच्या मागे, कळकाने हिरवी होऊन पडले आहे. आता कोणी मला पाण्याला नेईल, अशी आशा मी सोडली आहे. तरी माझी गोष्ट ऐका, कारण ती माझ्यापेक्षा जानकीरामरावांची अधिक आहे.

जानकीरामराव मराठी घरातले, पण कित्येक पिढ्या इथलेच. त्यांचं आयुष्य सरकारी उद्योग खात्यात गेलं. कुठे विणकरांचा संघ उभा कर, कुठे काथ्याचा कारखाना काढ, हेच काम. १९५१ साली निवृत्त होऊन ते गावी आले. बाकीचे पेन्शनर ओट्यावर बसून कॉफी पीत आणि सरकारला नावं ठेवत. हे मात्र सायकलवर टांग टाकून पार चोळपुरम्पर्यंत जात. कुठल्या शाळेला छप्पर हवं, कुठे पाणी तुंबलं, ते बघत. पण त्यांचा खरा जीव गुंतला तो पितळेच्या कारागिरांत. व्यापाऱ्याने पत्रा द्यायचा, व्यापाऱ्यानेच घागरी न्यायच्या आणि कारागिराने जन्मभर त्याच्या दारात उभं राहायचं, हे त्यांना बघवत नसे. कारागिरांचं स्वतःचं दुकान हवं, हे त्यांनी मनावर घेतलं आणि 'कावेरी पात्र संघ' हा भांडी घडवणाऱ्यांचा संघ उभा राहिला.

त्या संघाची मी पहिली घागर. सुंदरेश नावाच्या कारागिराने मला घडवलं. पत्रा तापवला, ठोकला, खालचा अर्धा आणि वरचा अर्धा जोडून सांधला. चिंचेने घासून काढल्यावर मी अशी झळकले, की शेजारच्या तांब्याकडे मी बघेनाशी झाले.

मग जानकीरामराव म्हणाले, "प्रत्येक घागरीच्या गळ्यावर संघाचं नाव ठोका."

मित्रांनो, आमच्याकडे भांड्यावर नाव असतं ते मालकाचं. लेकीच्या रुखवतात घागर द्यायची, तर तिच्या गळ्यावर टिंबाटिंबांनी आईबापाचं नाव घालतात. नाव पडलं की भांडं त्या घरचं झालं. सुंदरेशला हे ठाऊक होतं. तो तमिळमध्ये हळूच म्हणाला, "अय्या, भांडं विकत घेणाऱ्याचं नाव घालतात. घडवणाऱ्याचं कोणी घालत नाही."

जानकीरामराव हसले. "म्हणून तर तुम्हाला कोणी ओळखत नाही! एकदा नाव दिसू दे, लोक विचारत येतील."

सुंदरेश पुन्हा बोलला नाही. या माणसाने त्याला आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसवलं होतं. त्याचा शब्द तो कसा मोडणार?

उद्घाटनाला मला हार घातला. खात्याच्या मोठ्या साहेबांनी मला दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दाखवलं. टाळ्या पडल्या. माझ्या कौतुकाचे दिवस तेवढेच.

दुकानात बायका येत, बोटाने टिचकी मारून आमचा आवाज ऐकत, "छान आहे" म्हणत. मग गळा फिरवून बघत आणि खाली ठेवून देत. दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं लेकीला कोण देईल? समोरचा व्यापारी कोऱ्या घागरी विकत होता आणि मागाल ते नाव घालून देत होता. संघाच्या घागरी कोठारात एकीवर एक चढत गेल्या. कारागिरांच्या चुली त्यांच्यावर अवलंबून होत्या.

जानकीरामरावांना वाटलं, आपणच पुढे होऊन दाखवावं. त्यांच्या धाकट्या मुलीचं, अलमेलूचं, लग्न ठरलं होतं. त्यांनी मला रुखवतासाठी घरी आणलं. त्यांच्या पत्नी सरोजाबाईंनी माझा गळा बघितला मात्र, त्यांचा चेहराच उतरला.

"हें नक्को," त्या म्हणाल्या. "लेकीला लोकांचें भांडें देतांत काय?"

"लोकांचें नव्हें. माझ्या संघाचें आहे."

"त्यावर आपलें नांव कुठें आहे?"

तरी जानकीरामरावांनी मला मांडलंच, अगदी पुढे. वरमाई आल्या, वाकून वाचलं आणि भर मांडवात विचारलं, "हें कोणाचें घरचें? मागून आणलांत काय?"

जानकीरामराव संघाबद्दल सांगू लागले, पण ऐकायला कोणी थांबलं नाही. अलमेलू मान खाली घालून बसली होती. सरोजाबाईंनी मला उचललं आणि माजघरात नेऊन ठेवलं. मला त्या दिवशी लाज वाटली ती माझ्यासाठी नाही, जानकीरामरावांसाठी वाटली.

दुसऱ्या दिवशी ते सुंदरेशला म्हणाले, "नावं घासून काढ." कानशीने घासता घासता घागरींचे गळे पातळ झाले, काहींना चिरा गेल्या. शेवटी सगळ्या मोडीत गेल्या. मी तेवढी माजघरात होते म्हणून वाचले. संघाला कुलूप लागलं. कारागीर परत व्यापाऱ्याच्या दारात गेले, आणि संघात गेल्याचा राग धरून त्याने त्यांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभं केलं.

जानकीरामरावांची सायकल बंद झाली. पुढे त्यांनी अंथरूण धरलं. सुंदरेश भेटायला आला, रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून विड्याची पानं घेऊन. हात जोडून अजूनही "अय्या"च म्हणत होता.

जानकीरामरावांनी त्याला जवळ बसवलं. मग म्हणाले, "तेव्हा तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, अय्या."

जानकीरामराव त्याच महिन्यात गेले. मला परसात टाकलं गेलं.

मित्रांनो, भांड्यांना चिंच लावा, घासून पुसून वापरा, एवढं तर मी सांगेनच. पण कोणाचं भलं करायला निघालात, तर त्याचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. तो दुसऱ्यांदा सांगायला येत नाही.