जाळीवरचे चारशे ऐंशी फेस

सेल ७६,८००. फेस २,३९,२००, त्यातले आतले २,२१,६०० आणि कडेचे १७,६००. भाऊ दोन. कोंबड्या शून्य, कारण मागच्या एप्रिलात एका दुपारी उकाड्याने अकराशे मेल्या आणि उरलेल्या घाईघाईने विकाव्या लागल्या.

लासुर्ण्याच्या शिवारातलं ते शेड चाळीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच. वाटणी झाली तेव्हा ऊस निम्मा झाला, विहिरीचे दिवस निम्मे झाले, आईचे महिनेसुद्धा निम्मे झाले. मग मोजणीवाल्याने शेडमध्ये फीत धरली आणि बरोबर विसाव्या मीटरवर तारेची जाळी उभी राहिली. पूर्वेकडचा भाग थोरल्या सर्जेरावांचा, पश्चिमेकडचा धाकट्या दादासोंचा. वाटायची राहिली होती ती फक्त हवा.

त्यासाठी बारामतीहून उत्कर्षा आली. ती मूळची कोऱ्हाळे बुद्रुकची, पदवी यांत्रिकीची. एमआयडीसीतल्या पंखे बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत आठ महिने ती संगणकावर वारा वाहवत होती. आजवरचं तिचं सगळं काम संगणकातच राहिलेलं. हे पहिलंच शेड खरोखर उभं राहणार होतं. कंपनीचे मालक रणजित सर तिला म्हणाले होते, "सोमवारी त्यांची पिल्लं यायचीत. त्याआधी दोघांच्या सह्या आण, नाहीतर पंखे दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतो. आणि रिपोर्ट जाड कर. माणसं जाड रिपोर्टवर सही करतात."

योजना सोपी होती. पूर्वेच्या भिंतीत ओले पॅड, पश्चिमेच्या भिंतीत चार मोठे पंखे. पंखे हवा ओढणार, ती पॅडमधून गार होऊन आत शिरणार आणि शेडभर फिरून पलीकडून बाहेर पडणार. कोंबडीलाही कळेल इतकं सरळ.

भाऊ जाळीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसले होते.

"म्याडम, त्यांना सांगा," सर्जेराव म्हणाले. 'त्यांना' म्हणजे दोन हातांवर बसलेल्या सख्ख्या भावाला. "पॅड माज्या भिंतीत, पानी माजं, आन् गार हवा चालली तिकडं. फुकटात?"

"त्यास्नी म्हनावं, गार कसली?" दादासो म्हणाले. "त्येंच्या कोंबड्यांची धूळ, पिसं, वास, समदं घिऊन येनार ती. त्येंच्या कोंबड्यांचं उष्टं माज्या कोंबड्यांनी का खावं?"

एकाच हवेत एकाच वेळी दोघे भाऊ फसवले गेले होते. असा शोध उत्कर्षाच्या पाठ्यपुस्तकात नव्हता.

दादासोंनी जाड रिपोर्ट उघडला. पंख्यांची पानं, तापमानाची रंगीत चित्रं त्यांनी भराभर उलटली आणि जिथे कुणीही थांबत नाही त्या तक्त्यावर बोट ठेवलं. सर्जेराव: सेल ३८,४००, फेस १,१९,८४०. दादासो: सेल ३८,४००, फेस १,१९,३६०.

"ह्ये चारशे ऐंशी कमी कसं?"

आठ महिन्यांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. उत्कर्षा इतकी खूष झाली की ही तक्रार आहे हे कळायला तिला वेळ लागला. शेडमधली हवा मी पाव-पाव मीटरच्या ठोकळ्यांत कापली, ती सांगू लागली. ठोकळा म्हणजे सेल, त्याची प्रत्येक बाजू म्हणजे फेस. प्रत्येक सेलला नंबर असतो. शेजारच्या दोन सेलना मधला फेस सामाईक असतो. तो दोघांकडे लिहिला तर तीच हवा दोनदा मोजली जाईल. म्हणून तो एकदाच लिहायचा, लहान नंबरच्या सेलकडे. हवा लहान नंबरातून मोठ्यात गेली तर अधिक, उलटी आली तर उणे. नंबर पॅडच्या भिंतीपासून सुरू केले, म्हणून जाळीवरचे चारशे ऐंशी फेस सर्जेरावांकडे लागले.

"म्हंजी बांध समदा त्येंच्याकडं लावला," दादासो म्हणाले.

"बांध नाही हो काका, मोजायची पद्धत आहे."

"तलाठी बी ह्येच म्हंतो."

सर्जेराव मिशीत हसले. "पैला नंबर आमचाच न्हवं, म्याडम?"

"हो. शून्य."

सर्जेरावांचं हसू गेलं. "थोरल्याला शून्य? आन् त्येंचा कितीपासनं?"

"अडतीस हजार चारशेपासून."

"बघा! मला शून्य आन् त्यास्नी अडतीस हजार!"

या महिन्यात सर्जेरावांकडे असलेल्या त्यांच्या आई, प्रयागबाई, चहा घेऊन आल्या होत्या. "पडसं झालं तर शिंकंची बी वाटनी कराल, मुडद्यांनो," असं म्हणून त्यांनी एक कप जाळीखालून सरकवला.

तासाभराने तह झाला, तोही उत्कर्षामार्फत. रस्त्याकडचे दोनशे चाळीस फेस सर्जेरावांचे, पाटाकडचे दोनशे चाळीस दादासोंचे. शिवाय नंबर छापताना एकापासून छापायचे. जगातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी ठरवलेली क्रमवारी लासुर्ण्याच्या दोन खुर्च्यांनी बदलली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने पाटाकडच्या, जाळीला दोन्हीकडून चिकटलेल्या जोडीजोडीच्या सेलचे नंबर अदलाबदल केले आणि गणित पुन्हा चालवलं. वेग तेच आले, तापमानं तीच आली. नंबर बदलल्याने वारा बदलत नाही. दोन्ही भागांचे फेस १,१९,६०० झाले. रणजित सरांनी रिपोर्ट छापून तिच्या हातात कोंबला आणि तिला एसटीत बसवलं.

शेडमध्ये शेवटच्या पानावरची ओळ तिच्याआधी दादासोंनी वाचली. "जाळीतून जाणारी हवा, शून्य पूर्णांक शून्य." त्यांनी ते पान घडी करून जाळीच्या भोकातून भावाकडे दिलं. "वाच." गेल्या दोन वर्षांत दादासो भावाशी बोललेला हा पहिला शब्द.

उत्कर्षा मध्ये पडली. "थांबा! ते चुकलंय, चूक माझी आहे. मी चिन्हासकट बेरीज केली. निम्मे फेस आता उलटे मोजले जातात. साडेबावीस अधिक, साडेबावीस उणे. खरं तर सेकंदाला पंचेचाळीस घनमीटर हवा जाते. सगळी जाते."

"कागदावर काय हाय?" सर्जेरावांनी विचारलं.

"शून्य, पण..."

"माजी तिकडं जात न्हाय, त्येची हिकडं येत न्हाय. आमी दुसरं काय म्हनत हुतो?"

"व्हय," दादासो म्हणाले.

गप्प बसलं असतं तर पंखे लागले असते. उत्कर्षाने पेन काढलं, शून्यावर काट मारली, शेजारी ठळक अक्षरांत '४५.०, सर्जेराव यांच्या भागातून दादासो यांच्या भागात' असं लिहिलं, सही केली आणि ते मोठ्याने वाचूनही दाखवलं. मग सह्या जातात का राहतात ते पाहत उभी राहिली.

सर्जेरावांनी पान मांडीवर घेतलं. "हिशेब ज्येचा त्येनं करावा," ते म्हणाले, "आमचे फेस सारखे हायेत न्हवं?"

"एक लाख एकोणीस हजार सहाशे. दोघांचे."

"मंग झालं की."

दोघांनी तिच्या दुरुस्तीला खेटूनच सह्या केल्या. पानावर तेवढीच जागा मोकळी होती.

शनिवारी पंखे बसले. रविवारी दुपारी चारही पंखे चालू असताना उत्कर्षाने जाळीवर बारा ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजला. सरासरी सेकंदाला १.४८ मीटर. दिशा पूर्वेकडून पश्चिमेकडे. जाळीचं क्षेत्रफळ ३० चौरस मीटर. हवा सेकंदाला ४४.४ घनमीटर.