पहिलं पोतं

सदतीस पोती होती. छत्तीस शिवलेली, एक उघडं. तेजस्वीने ती आधी दारापासून भिंतीकडे मोजली, मग भिंतीपासून दाराकडे, आणि तिसऱ्यांदा प्रत्येक पोत्यावर खडूची रेघ ओढत. सदतीसच. एका पोत्यात ऐंशीच्या आसपास किलो काजू बी मावते आणि उघडं पोतं निम्म्यावर आलं होतं. म्हणजे दोन हजार नऊशे किलोच्या आगेमागे माल तिच्या डोळ्यांसमोर होता.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मात्र एप्रिलअखेरची शिल्लक दिसत होती उणे एक हजार नऊशे त्रेचाळीस किलो.

दोडामार्गच्या अलीकडे हा काजूचा कारखाना. उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावांतून कच्ची बी गाडीने यायची, काट्यावर चढायची, गोदामात जायची आणि तिथून वाफवून फोडायला. किती आली, किती फोडायला गेली, हे सॉफ्टवेअरला सांगायचं. महिना संपला की ते वजाबाकी करून शिल्लक काढायचं आणि महिना बंद करायचं. या वेळी ते अडून बसलं होतं. आला त्यापेक्षा जास्त माल खर्ची पडलाय, महिना बंद होणार नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून कुडाळच्या सॉफ्टवेअर कंपनीने तेजस्वीला पाठवलं होतं. ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, देवबागची, नोकरीत अजून वर्षही न झालेली. एप्रिल कालच संपला होता; शिल्लक हलू नये म्हणून आज बॉयलर पेटवू नका, असं तिने आल्याआल्याच सांगितल्यामुळे बी फोडणाऱ्या बायका फणसाखाली बसून होत्या आणि तिच्याकडे बघून आपसात काहीतरी बोलत होत्या.

मालक यतीन शेठ गोदामाच्या दारात उभा होता.

"किती?"

"सदतीस."

"म्हणजे मी घेतली त्याच्यापेक्षा दोन हजार किलो जास्त बी फोडली, आणि वर ही सदतीस पोती उरली. बी काय गोदामात पिल्लं घालते?"

तेजस्वी हसली. तो हसला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "बाळाची स्वतःची बाग आहे. काटा त्याच्या हातात. आपली बी माझ्या मालात घुसवायची, माझ्या बॉयलरवर, माझ्या मजुरीत फोडून घ्यायची आणि गर गोव्यात नेऊन विकायचा. दर शनिवारी टेम्पो घेऊन जातो तो. विचारलं तर म्हणतो, बहिणीकडे."

बाळा म्हणजे काट्यावरचा माणूस. अंगणातल्या वजनकाट्याशेजारी उकिडवा बसून विडी ओढत होता आणि इकडे बघत नव्हता. तेजस्वीला वाटलं, जरा जास्तच बघत नाहीये.

तिने कुडाळला समर्थला फोन लावला. तो तिचा वरिष्ठ.

"सॉफ्टवेअर बरोबर आहे," तो म्हणाला. "शिल्लक उणे गेली की दहांत नऊ वेळा माणसाची लबाडी असते."

"आणि दहाव्या वेळी?"

"ती वेळ तू नोकरीला लागायच्या आधीच येऊन गेली."

पण तिला एक गोष्ट खटकत होती. चोरून आणलेली बी माणूस आधी फोडून मोकळा होईल. मालकाच्या गोदामात पोती रचून कशाला ठेवेल? तिने एप्रिलची आवक उघडली. महिन्यात एकसष्ट गाड्या आल्या होत्या. प्रत्येक गाडीखाली पोत्यांची यादी होती, क्रमांक आणि वजन अशी. पहिल्या गाडीत क्रमांक दोनपासून सुरू होत होते. दोन, तीन, चार. तिला वाटलं, एक ओळ वर सरकली असेल. दुसरी गाडीही दोनपासून. तिसरीही. एकसष्टच्या एकसष्ट गाड्यांमध्ये एक नंबरचं पोतंच नव्हतं.

तिने खोडलेल्या नोंदींची यादी पाहिली. ती कोरी होती. म्हणजे कोणी खोडलं असेल तर नोंद कॉम्प्युटरात यायच्या आधीच.

मार्चपर्यंत पोत्यांची वजनं ऑफिसात बसून भरायचे. एप्रिलपासून नवी सोय झाली होती. काट्याजवळ बसून फोनवर तक्ता भरायचा, संध्याकाळी तो पाठवला की सॉफ्टवेअर आपोआप ओढून घेणार. तक्ता भरायची आकांक्षा. बाळाची भाची.

"फोनमधले जुने तक्ते दाखव," तेजस्वी म्हणाली.

"पुसलंय."

"सगळे?"

"फोनात जागा ऱ्हवणा नाय. शेठनीच सांगितल्यानी, गेलां की पूस म्हणान." मग तिचा चेहरा बदलला. "कित्याक? मी काय पोतां डोक्यार घेवन घराक नेलंय?"

"पहिलं पोतं कुठेच नाहीये म्हणून विचारलं."

"आसा मगे. गोदामात जावन बघ."

पाठवलेल्या तक्त्यांच्या प्रती कुडाळला सर्व्हरवर असणार होत्या. पण समर्थ म्हणाला, संध्याकाळी बघतो. तोवर याद्या दोनपासून सुरू होतात ही गोष्ट यतीन शेठच्या कानावर गेली होती आणि त्याने अंगणात बाळाला उभं केलं होतं.

"मामा वजन सांगणार, भाची लिहिणार. बरी जोडी जमवलीस रे!"

"शेठ, एकवीस वर्सां ह्यो काटो धरलंय," बाळा म्हणाला. "माल कमी भरलो आसतो तर चोर म्हटल्यात आसतो, तां समाजलंय. जास्ती भरलो म्हणानय चोरच?"

"संध्याकाळी सगळ्या पोत्यांचं वजन मी स्वतः करणार. हिशोबात एका पोत्याचा जरी फरक राहिला, तर उद्यापासून काट्यावर येऊ नको. हिलाही घेऊन जा."

बाळाने विडी टाकली, पायाने विझवली. मग शेठकडे पाठ करून तो काट्यापाशी गेला. ते पाठ फिरवणं अपमानाचं की अपराधाचं, तेजस्वीला ठरवता येईना.

दुपारी एक पिकअप आला. नवा माल गोदामात न्यायचा नाही, पडवीत उतरवायचा, असं तिने बजावलं आणि ती आकांक्षाच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. आकांक्षाने मान वळवून पाहिलं, ओठ मुडपले आणि फोन मुद्दाम उंच धरला. बघ काय बघायचं ते.

हमालाने पोतं काट्यावर टाकलं. बाळाने आकडा वाचला.

"लाभ! एकोणऐंशी."

आकांक्षाची बोटं चालली.

"दोन! ऐंशी."

"थांब," तेजस्वी म्हणाली. "पहिल्या ओळीत काय लिहिलंस?"

"मामान सांगितलां तां."

क्रमांकाच्या रकान्यात लिहिलं होतं 'लाभ'. त्याच्यापुढे एकोणऐंशी. खाली दोन, पुढे ऐंशी.

"बाळाकाका, एक कित्याक नाय म्हणत?"

"एक कसां म्हणान? मोजणी लाभान सुरू करतत गो बाय. तुमच्या देवबागात काय म्हणतत?"

"आमच्याकडे आई मासळीचे वाटे नजरेन घालता. मोजता कोण?"

तो जरासा हसला, मग आपण कशासाठी उभे आहोत ते आठवून थांबला. तेजस्वी तोवर फणसाकडे चालली होती, कारण तिथेच रेंज मिळत होती.

"समर्थ, तक्ता ओढताना क्रमांकाच्या जागी अक्षरं दिसली तर सॉफ्टवेअर काय करतं?"

"ओळ सोडून देतं. वर हेडिंग असतं ना, ते मालात धरायला नको."

"इथल्या हेडिंगचं वजन एकोणऐंशी किलो आहे."

पलीकडे कळफलकाची टकटक सुरू झाली. "फायली आत्ता पाठवतो," तो म्हणाला.

एकसष्ट फायली आल्या. प्रत्येकीत वरच्या ओळीला लाभ. मार्चपर्यंत ऑफिसात क्रमांक सॉफ्टवेअर आपला आपणच घालायचं, म्हणून प्रश्न आला नव्हता. आणि शेतकऱ्यांचे पैसे मेअखेरीला द्यायचे, म्हणून अजून कोणी माझं पोतं कुठे गेलं असं विचारायला आलं नव्हतं. सोडलेल्या एकसष्ट पोत्यांची बेरीज, रिकाम्या पोत्यांचं वजन वजा जाता, झाली चार हजार आठशे शहात्तर किलो.

यतीन शेठने पडद्यावरचा आकडा पाहिला. "हे लाभबिभ मागाहून कोणीही घालेल."

"फायली त्या त्या संध्याकाळीच कुडाळला गेल्यात, शेठ. तारखा बघा."

"कुडाळला म्हणजे तुमच्याच कंपनीत ना?" त्याने तिच्याकडे तसंच पाहिलं, जसं सकाळी बाळाकडे पाहिलं होतं. "स्वतःची चूक झाकायला तुम्ही काय वाट्टेल त्या तारखा दाखवाल. माझा विश्वास फक्त काट्यावर."

तिच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण तिच्याकडे खरोखरच दुसरा पुरावा नव्हता, आणि काटा तिलाही हवाच होता. एकसष्ट पोती परत धरून शिल्लक जुळली, तर बाहेरची बी आत आलीच नाही. नाही जुळली, तर शेठचा प्रश्न बाळाला तिलाही विचारावा लागणार होता. तिने त्या ओळी क्रमांक घालून पुन्हा आत घेतल्या, नवी शिल्लक कागदावर उतरवली आणि कागद कोणाला न दाखवता खिशात ठेवला.

सदतीस पोती अंगणात आली. आधी काटा रिकामा करून शून्य पाहिलं. बाळाला पडवीच्या खांबापाशी उभं केलं होतं, हात लावायचा नाही म्हणून. बायका फणसाखालून उठून जवळ आल्या. पहिलं पोतं काट्यावर पडलं. यतीन शेठ वाकला.

"लाभ," तो म्हणाला.

बायकांत खसखस पिकली. त्याने मान वर केली नाही. "एक," असं म्हणून त्याने वजन सांगितलं, आणि आकांक्षाने एक लिहिलं.

सगळी पोती होईपर्यंत उन्हं फणसाच्या शेंड्यावर गेली. उघडं पोतं शेवटी चढलं. यतीन शेठने बेरीज दोनदा करायला लावली. मग तेजस्वीने खिशातला कागद काढला आणि काट्याचा आकडा आधीच्या आकड्याखाली लिहिला.

दुरुस्त शिल्लक, दोन हजार नऊशे तेहतीस किलो. काट्यावरचं वजन, रिकाम्या पोत्यांचं वजन वजा जाता, दोन हजार नऊशे एकवीस किलो. फरक, बारा किलो; एका पोत्याचाही नाही.